किल्ली आपल्याच कमरेला

कामं आवरली का? ज्यांची आवरली नसतील त्यांनी हातातलं काम चालू ठेवा आणि कान इकडं द्या. आज आम्ही थोडं आमच्या फजितीचं आणि थोडं शहाणपणाचं सांगणार आहोत. फजिती आधी सांगतो, कारण शहाणपण तिच्यामागूनच आलं.

आमचा धंदा तुम्हांला ठाऊक आहे. गावातल्या चार गटांच्या मिळून बत्तीस बाया. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी आणायची, पातळ भाकरी थापायची, भाजून वाळवून कडक करायची आणि दहा-दहाचे पुडे बांधायचे. जोडीला शेंगाची चटणी. आषाढीला पंढरपूर, संक्रांतीला सोलापूरची गड्डा यात्रा, एरवी सोलापुरातली दहा-बारा दुकानं. महिन्याला दोन लाख चाळीस हजारांच्या आसपास विक्री व्हायची. माल, मजुरी, सरपण, भाडं सगळं जाऊन चाळीसेक हजार उरायचे.

मग गिऱ्हाइकं विचारू लागली, "ताई, पुण्याला पाठवता का? मुलगी बेंगळुरूला आहे, तिला मिळेल का?" आम्ही नंबर लिहून द्यायचो. कुणाच्या फोनवर ऑर्डर यायची, कुणाच्या फोनवर पैसे. कुणाचा फोन पोरगा खेळायला घेऊन गेलेला असायचा. हे नीट करायला हवं, असं आम्हांला वाटू लागलं. आमच्यातल्या एक वहिनी म्हणाल्या, "शहरात डिजिटल मार्केटिंग करणारे लोक आहेत. आपण फक्त भाकरी करायच्या, बाकी सगळं ते बघतात."

"बाकी सगळं ते बघतात." या चार शब्दांनी आम्हांला बुडवलं.

त्या लोकांना महिन्याला बारा हजार ठरवले. सात महिने दिले. चौऱ्याऐंशी हजार झाले. जाहिरातीचे म्हणून वर छत्तीस हजार. मिळून एक लाख वीस हजार. बत्तीस बायांत वाटलं असतं तर प्रत्येकीच्या हातात पावणेचार हजार पडले असते. त्यांनी फेसबुकवर पान काढलं, इन्स्टाग्रामवर फोटो टाकले, एका मोठ्या ऑनलाइन बाजारात आमचा माल लावला. दर महिन्याला रंगीत अहवाल यायचा. नऊ हजार लोकांनी पान बघितलं, इतक्यांनी अंगठा दाखवला. आम्ही खूश. कुणी विचारलंच नाही, की भाकरी किती गेल्या?

विचारलं तेव्हा कळलं. सात महिन्यांत एकसष्ट ऑर्डरी.

काम बंद करायला सांगितलं, तेव्हा खरा फटका बसला. पान त्यांच्या ईमेलवर. व्हॉट्सअॅपचा नंबर त्यांच्या सिमवर. गिऱ्हाइकांची यादी त्यांच्या संगणकात. तोंडावर दिवाळी. लोक त्या नंबरवर ऑर्डर टाकत होते आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. बोलणी मात्र आम्ही खाल्ली. आमच्याच भाकरीचं नाव, आमच्याच बायांचे फोटो, आणि आम्हीच बाहेर.

त्या वहिनींनी चार महिने केंद्रावर पाऊल टाकलं नाही. कुणी तोंडावर बोललं नव्हतं, पण नजरा बोलतात. शेवटी आम्ही चौघीजणी त्यांच्या घरी गेलो, ठरावाची वही घेऊन. ठरावाखाली बत्तीस सह्या होत्या. त्यांना दाखवलं, "बघा, सही तुमची एकटीची नाही." मग त्या आल्या. बत्तीसजणींनी मिळून केलेली चूक एकीच्या डोक्यावर ठेवली, तर पुढच्या वेळी नवीन काही सुचवायला कुणीच तोंड उघडणार नाही. एवढं ध्यानात ठेवा.

त्यानंतरच्या बैठकीत प्रश्न असा होता, की मोबाइलवरचा धंदा सोडून द्यायचा की कसं? सोडायचं मन नव्हतं, कारण मागणी खरी होती. मग तीन वाटा निघाल्या.

पहिली वाट म्हणजे एखादा पोरगा ठेवायचा. महिन्याला आठ-दहा हजारांत मिळतो. फोटो काढेल, रील करेल. पण कुठं विकायचं, काय भावानं विकायचं, कुठं नाही म्हणायचं, हे त्याला कोण सांगणार? आम्हांला ते येत नव्हतं, म्हणूनच तर फसलो होतो.

दुसरी वाट म्हणजे जाणतं माणूस पूर्णवेळ ठेवायचं. ज्यानं पंधरा-वीस वर्षं हेच काम केलंय असं. चौकशी केली. ते साठ-सत्तर हजार पगार मागतात. आमचा सगळा नफाच चाळीस हजार.

तिसरी वाट अशी, की माणूस जाणतंच घ्यायचं, पण थोड्या वेळापुरतं. महिन्यातून चार दिवस. त्यानं मजुराचं काम करायचं नाही, डोक्याचं काम करायचं. दिशा ठरवायची, हिशेब तपासायचा, आमच्या पोरींना शिकवायचं. शहरातल्या कंपन्यांत ही पद्धत आता आलीय. अपूर्णांकाला इंग्रजीत फ्रॅक्शन म्हणतात, त्यावरून अशा माणसाला फ्रॅक्शनल अधिकारी म्हणतात. अधिकार मोठा, वेळ थोडा. आमच्या आक्का लगेच म्हणाल्या, "म्हणजे पावशेर साहेब!" सगळ्या हसलो, पण नाव बरोबर बसलं.

विचार केला तर यात नवीन काही नाही. तालुक्याच्या दवाखान्यात हाडांचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात. रोज पट्टी बांधायला नर्स असते, पण हाड कसं बसवायचं ते डॉक्टरच ठरवतात. आपल्या गटाचं ऑडिट करणारेही वर्षातून एकदाच येतात. आणखी मोठी गोष्ट बघायची तर प्रवरानगरला बघा. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं तिथं शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. त्याचे अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. ते पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. ते काम सांभाळून ते कारखान्याला शहाणपण पुरवत होते. काळ वेगळा, पद वेगळं. पण मुद्दा तोच. डोकं जाणत्याचं घेतलं, मालकी शेतकऱ्यांची राहिली.

तरीही बैठकीत गाडी अडली. कारण पैसा. जाणतं माणूस दिवसाला अडीच हजारांखाली यायला तयार नव्हतं. चार दिवसांचे दहा हजार. आक्कांनी बोटं मोजली. आमच्याकडं भाकरी थापणारीला दिवसाला तीनशे मिळतात. आक्का म्हणाल्या, "त्या माणसाच्या एका दिवसात आमच्या आठजणींचे रोज बसतात. धगीपुढं बसून आमचे हात काळे होतात, आणि खुर्चीवर बसणारा आठजणींचं घेऊन जाणार?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न खोटा नव्हता. आम्ही तो झटकून टाकला नाही. दोन बैठका त्यावरच झाल्या. शेवटी आम्ही दोन नियम केले. एक, अशा माणसाची फी महिन्याच्या नफ्याच्या चौथ्या हिश्शाच्या वर जाऊ द्यायची नाही. चाळीस हजारांचा चौथा हिस्सा दहा हजार, म्हणजे बरोबर काठावर. दोन, ही फी मजुरीतून कापायची नाही. सहा महिन्यांत नफा वाढला नाही तर माणूस थांबवायचं, मजुरीला हात लावायचा नाही. मग मत घेतलं. एकोणीस हात बाजूनं, तेरा विरोधात. आक्का विरोधातच होत्या. पण म्हणाल्या, "ठरलं ना? मग आता माणूस मी पारखणार." आम्हांला तेच हवं होतं.

शोध चालू झाला तशी पहिली अडचण आली, ती म्हणजे पाहुणे. कुणाचा भाचा, कुणाचा जावई. "घरचाच आहे, कमी घेईल." आम्ही ठरवलं, की बत्तीसजणींपैकी कुणाच्याही नात्यातलं माणूस नको. नातेवाइकाला चुकीबद्दल बोलता येत नाही आणि काढता तर त्याहून येत नाही. मग बँकेच्या साहेबांना विचारलं, तालुक्याच्या उमेद कार्यालयात सांगितलं, सोलापुरातल्या आमच्या जुन्या दुकानदारांना विचारलं. तिघांची नावं आली. तिघांना केंद्रावर बोलावलं. जाण्यायेण्याचं भाडं आम्ही दिलं, कारण आम्ही मुलाखत घ्यायला बोलावलं होतं, उपकार मागायला नाही.

मुलाखत कशी घेतली ते सांगतो, कारण तुम्हांलाही जमेल. टेबलखुर्ची मांडली नाही. सतरंजीवर बसलो, आठजणी. तिघांनाही तेच चार प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न. आमच्या वहीतलं काय बघाल? एकानं वही मागितलीच नाही, मोबाइलवर स्वतःचीच कामं दाखवत बसले. दुसरा प्रश्न. आम्ही काय करू नये असं तुम्हांला वाटतं? जो माणूस फक्त "करा, करा" म्हणतो, त्याला आपले पैसे संपण्याची काळजी नसते. तिसरा प्रश्न. यापूर्वी कुठं तुमचं चुकलं? दुसरे गृहस्थ म्हणाले, माझं कधी चुकलं नाही. आक्कांनी आमच्याकडं नुसतं बघितलं. आणि चौथा प्रश्न त्या वहिनींनी विचारला, ज्या चार महिने घरात बसल्या होत्या. "तुम्ही गेल्यावर नंबर कुणाकडं राहणार?"

तिसऱ्या उमेदवार एक बाई होत्या. पन्नाशीच्या. शहरात मोठ्या दुकानसाखळीत ऑनलाइन विक्रीचं काम बघितलेलं, आता दोन-तीन छोट्या धंद्यांना थोडा थोडा वेळ देतात. त्या म्हणाल्या, "नंबर पहिल्या दिवसापासून तुमच्याकडंच राहील. माझ्याकडं असेल तर मी काम घेणार नाही." मग त्यांनी एक भाकरीचा पुडा मागितला, तो खांद्याच्या उंचीवरून फरशीवर सोडला आणि उघडून बघितला. दहातल्या सहा मोडल्या होत्या. "कुरिअरमध्ये याहून जास्त आपटतात," एवढंच म्हणाल्या.

तरी आम्ही लगेच नेमलं नाही. एक दिवसाची फी देऊन एक दिवस काम करून घेतलं. विहिरीत उतरायच्या आधी पाणी बघितलेलं बरं. तो दिवस त्यांनी सगळा आमच्या वह्यांत घालवला. त्यानंतर करार केला.

करारात काय लिहिलं ते ऐका. कागद-पेन जवळ असेल तर टिपून घ्या.

महिन्यातून चार दिवस, त्यातले दोन केंद्रावर येऊन, दोन फोनवरून. जो दिवस भरला नाही त्याचे पैसे नाहीत. त्यांचं काम काय आणि काय नाही, ते वेगवेगळं लिहिलं. फोटो टाकणं, ऑर्डरीला उत्तर देणं हे त्यांचं काम नाही, ते आमच्या पोरींचं. कुठल्या बाजारात विकायचं, भाव कसा बांधायचा, खर्च कुठं थांबवायचा, हे सुचवणं त्यांचं. ठरवणं मात्र समितीचं. जाहिरातीवर महिन्याला दोन हजारांच्या वर एक रुपयाही समितीच्या ठरावाशिवाय नाही. बायांचा फोटो त्या बाईला विचारल्याशिवाय लावायचा नाही. कुणालाही थांबायचं असेल तर एक महिना आधी सांगायचं, आणि जाताना सगळं लेखी सोपवून जायचं. फी बँकेतूनच, रोखीनं नाही. टीडीएस कापायचा की नाही हे आपली संस्था कोणत्या स्वरूपात नोंदलेली आहे त्यावर ठरतं, ते आपल्या लेखापरीक्षकांना विचारून घ्या.

आणि शेवटचं कलम किल्ल्यांचं. तुम्हांला आठवतं का, गट सुरू केले तेव्हा पेटीला कुलपं असायची आणि किल्ल्या वेगवेगळ्या बायांकडं? एकीला एकटीनं पेटी उघडता येऊ नये म्हणून. पासवर्ड म्हणजे तीच किल्ली आहे, हे आम्ही विसरलो होतो. आता धंद्याचं सिम वेगळं घेतलं. ते अध्यक्षांच्या नावावर आहे, पण ठराव केलाय, की पद बदललं की सिमही बदलून घ्यायचं. गटाचा ईमेल वेगळा काढला. फेसबुकच्या पानावर पूर्ण ताबा अध्यक्ष आणि सचिवांच्या खात्याला, सल्लागार ताईंना कामापुरती परवानगी. व्हॉट्सअॅपला दोन टप्प्यांची सुरक्षा लावली. तिचा सहा आकडी पिन कागदावर लिहून पाकिटात घातला, वर दोघींच्या सह्या केल्या आणि पाकीट पेटीत ठेवलं. पैसे घेण्याचा क्यूआर कोड गटाच्या बँक खात्याचा, कुणाच्या नवऱ्याच्या खात्याचा नाही.

आता काम कसं झालं ते सांगतो.

पहिल्या महिन्यात ताईंनी जाहिरात बंद करायला लावली. आम्ही चाट पडलो. दहा हजार देऊन आणलेलं माणूस म्हणतंय, काही करू नका! मग त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. ऑनलाइन बाजारात दहा भाकरींचा पुडा शंभर रुपयांना. भाकरीचा खर्च अडुसष्ट. खोका आणि आतलं कागदी भरण चौदा. बाजाराचं कमिशन पंधरा. कुरिअरचा आमच्यावर पडणारा भार पंचेचाळीस. बेरीज एकशे बेचाळीस. म्हणजे दर पुड्यामागं बेचाळीस रुपये आम्ही खिशातून देत होतो. ताई म्हणाल्या, "बरं झालं, एकसष्टच ऑर्डरी आल्या. सहाशे आल्या असत्या तर केंद्र बंद पडलं असतं." खोलीत कुणी बोललं नाही. मोडलेल्या मालाचे परत दिलेले पैसे तर त्यात धरलेच नव्हते.

मग सुटा पुडा बाहेरगावी पाठवणं बंद केलं. पाच पुडे भाकरी आणि चटणीचे दोन डबे असा एक संच केला, पोस्टेजसकट साडेसातशे रुपये. भाकरीचा खर्च तीनशे चाळीस, चटणीचा एकशे वीस, जाड खोका चाळीस, कुरिअर एकशे दहा. एकूण सहाशे दहा. एकशे चाळीस रुपये उरतात. खोका तीनदा बदलला. प्रत्येक वेळी खांद्यावरून फरशीवर आपटून बघितला. आता दहातली एखादी मोडते, आणि संचात त्यासाठी दोन भाकरी जास्तीच्या टाकतो.

दुसरं काम म्हणजे व्हॉट्सअॅप बिझनेस. ते अॅप फुकट आहे. त्यात मालाची यादी फोटो-भावासकट लावता येते, नेहमीची उत्तरं तयार ठेवता येतात. गूगलच्या नकाशावर केंद्राचं नाव, वेळ आणि फोन नंबर लावला, त्यालाही पैसे पडत नाहीत. आता पंढरपूरला जाणाऱ्या गाड्या विचारत विचारत केंद्रावर येतात.

तिसरं, कायद्याचं. माल विकणाऱ्यांना आपल्या राज्यात वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. आमची एकोणतीस लाखांच्या आत होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून असे छोटे विक्रेते ऑनलाइन बाजारातून आपल्या राज्यातल्या राज्यात माल विकू शकतात. जीएसटीच्या पोर्टलवर एक नोंद क्रमांक मात्र घ्यावा लागतो. त्या बाजारातून राज्याबाहेर विकायचं तर पूर्ण नोंदणीच लागते. हे आम्हांला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही करण्याआधी आपल्या हिशेबनिसांना विचारा, कारण नियम बदलत असतात.

चौथं आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे शिकवणं. दोघीजणी ताईंच्या हाताखाली दिल्या. एक बारावी झालेली सूनबाई, आणि दुसऱ्या त्याच आमच्या वहिनी. त्यांनी स्वतःच मागितलं. म्हणाल्या, "जिथं पडले तिथंच चालायला शिकते."

सगळं गोडच झालं असं नाही. पाचव्या महिन्यात ताई दोनदा आल्याच नाहीत. दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम अंगावर आलं होतं. थोड्या वेळाच्या माणसाची हीच अडचण असते, त्याला आपण एकटेच नसतो. आम्ही दोन दिवसांचे पाच हजार कापले. बोलायला जड गेलं, पण करारात लिहिलेलं होतं. ताईंनीही मान्य केलं आणि पुढं तारखा आधी ठरवायला लागल्या.

एकदा सल्ला आम्ही मानला नाही. ताई म्हणाल्या, सोलापुरातल्या त्या दोन दुकानदारांना उधारी बंद करा, आकडे वाईट दिसतात. आकडे खरंच वाईट होते. पण लॉकडाऊन उठल्यावर आमचा माल कुणी घेत नव्हतं, तेव्हा त्याच दोघांनी घेतला होता. आम्ही सांगितलं, "हे आम्ही ठरवू." उधारीला मुदत घातली, बंद केली नाही. त्यांचे पैसे उशिरा येतात, पण येतात. जाणत्याचं ऐकायचं, पण आपल्या माणसांची ओळख आपल्याला जास्त असते, हेही विसरायचं नाही.

सहा महिन्यांनी ठरल्याप्रमाणं हिशेब मांडला. वाढ थोडी होती, पण होती. पुढं चालू ठेवलं. वर्ष झालं तेव्हा महिन्याची विक्री तीन लाख दहा हजारांवर गेली होती. ताईंची फी वजा करण्याआधी नफा बासष्ट हजार. फी गेली तरी बावन्न उरतात, पहिल्यापेक्षा बारा हजार जास्त. आभाळाला हात लागला असं काही नाही. पण थापणारीचा रोज तीनशेवरून तीनशे तीस झाला, आणि गिऱ्हाइकांच्या यादीत तीनशे ऐंशी नावं आहेत. ती यादी आमच्या वहीत आहे, आमच्या फोनमध्ये आहे, दुसऱ्या कुणाकडं नाही.

वर्षाच्या बैठकीत आकडे ताईंनी वाचले नाहीत. वहिनींनी वाचले. कुठल्या संचात किती सुटले, कुठलं गिऱ्हाईक परत आलं, कुठं चुकलं, सगळं. मधेच अडखळल्या. ताई काही बोलल्या नाहीत, थांबल्या. वहिनींनी पाणी प्यायलं आणि पुढं वाचलं. त्या बैठकीत ताई स्वतःच म्हणाल्या, "आता माझे चार दिवस लागत नाहीत, एक पुरे." स्वतःची फी स्वतः कमी करायला सांगणारं माणूस आम्ही पहिल्यांदा बघितलं. आता त्या महिन्यातून एक दिवस येतात. आणि आक्का? त्या अजून म्हणतात, की आठजणींचा रोज फार होतो. पण ताई येणार त्या दिवशी चुलीवरची पहिली गरम भाकरी त्याच बाजूला काढून ठेवतात.

तर मैत्रिणींनो, आमचं सांगणं थोडक्यात असं. धंदा अगदी लहान असेल, महिन्याला दहा-पंधरा हजारच उरत असतील, तर असं माणूस नेमू नका. तेवढ्यासाठी प्रभागसंघात तीन-चार गावांनी मिळून एक माणूस घ्या आणि दिवस वाटून घ्या. नेमायचं झालं तर आधी आपला प्रश्न एका वाक्यात लिहा. "आमचा माल बाहेरगावी तोट्याशिवाय कसा जाईल?" असं. "आमचं ऑनलाइन करून द्या" हा प्रश्न नाही, ते कोरा चेक देणं आहे. पारखताना वहीपासून सुरुवात करा, मोबाइलपासून नको. हातात लेखी करार ठेवा. आणि त्या माणसाच्या हाताखाली आपली बाई द्या, म्हणजे ते गेलं तरी विद्या घरात राहते.

डोकं भाड्यानं घेता येतं. त्यात कमीपणा नाही, आणि जाणत्याला त्याचं मोल द्यावंच लागतं. पण किल्ली भाड्यानं देऊ नये. ती आपल्याच कमरेला असावी.

जाता जाता एक काम सांगतो. येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले, की उठायच्या आधी एकच प्रश्न विचारा. आपल्या गटाचा फोन नंबर, ईमेल, पान आणि पैसे घ्यायचा कोड कुणाच्या नावावर आहे? ज्या गटात उत्तर लगेच आलं, त्यांनी चहा करून प्या. ज्या गटात सगळ्या एकमेकींच्या तोंडाकडं बघू लागल्या, त्यांनी चहा नंतर करा. आधी ते काम करा.